रिमॅपनंतर बेअरिंग परत परत जातंय? फोर्ज्ड रॉड मागवण्याआधी हे तपासा

तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत येते. गाडी टर्बो डिझेल, बहुधा १.३ किंवा २.२ लिटरची, लाखभर किलोमीटर चाललेली. रिमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली (ईसीयू) सेटिंगची फाइल बदलून पॉवर वाढवली, पिकअप आला, काही महिने गाडी मस्त पळाली. मग एक दिवस कसारा घाट चढताना, नाहीतर समृद्धीवरून इगतपुरीकडे येताना खालून ठकठक ऐकू आली. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवलं तर बिग एंड बेअरिंग (रॉड क्रँकला जोडतो तिथलं) गेलेलं. क्रँक ग्राइंड केली, अंडरसाइज शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) टाकले, इंजिन बांधलं. गाडी चालते न चालते तोच पुन्हा तोच आवाज.

मग गाडीवाला, गॅरेजवाला आणि ट्यूनर या तिघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं: स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ इंजिनाचा खालचा भाग एवढी पॉवर झेलत नाही, फोर्ज्ड, म्हणजे जास्त मजबूत रॉड टाकायला हवेत. तिघांनाही ते सोयीचं असतं. समोर बसलेल्या कोणाचाच दोष निघत नाही आणि खापर कंपनीवर फुटतं.

माझा धंदा नाशिकच्या अंबडला इंजिनं उघडून मोजण्याचा. माझं मत असं, की बेअरिंग पहिल्यांदा गेलं तर फाइलकडे आणि गाडी चालवण्याच्या पद्धतीकडे बघा. दुसऱ्यांदा गेलं तर आधी इंजिन कसं बांधलं ते बघा. आणि दोन्ही वेळा हॉर्सपॉवरचा आकडा जरा बाजूला ठेवा.

आधी आवाज नक्की कुठला ते ठरवा

ठकठक म्हणजे बेअरिंगच असं नाही. ड्युअल मास फ्लायव्हील ढिलं झालं तर आयडलला खडखड होते, पण क्लच दाबला की आवाज बदलतो. इंजिनाखालचं गार्ड सुटलं असेल तर ते एका ठरावीक आरपीएमलाच वाजतं. खराब इंजेक्टरचा टकटकाट वरून येतो आणि कडक असतो. रॉडचा आवाज खालून येतो, इंजिन गरम झाल्यावर वाढतो आणि हलक्या थ्रॉटलला दोन हजारांच्या आसपास सगळ्यात स्पष्ट होतो. खात्री करायची तर आयडलला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघा. ज्या सिलिंडरचा काढल्यावर आवाज मंदावतो, तिथला रॉड संशयित. मेन बेअरिंगचा आवाज जास्त घुमणारा असतो आणि लोड टाकल्यावर येतो. एवढं पाच मिनिटांत होतं, तरी इंजिन उतरवण्याआधी ते कोणी करत नाही.

फाइलने टॉर्क कुठे वाढवलाय?

रॉड, बोल्ट आणि बेअरिंगवर दोन वेगळे भार येतात. एक जळणाच्या दाबाचा, जो पिस्टनला खाली ढकलतो. दुसरा पिस्टन आणि रॉडच्या स्वतःच्या वजनाचा. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि तिथून त्याला परत खाली खेचावं लागतं. हा दुसरा भार आरपीएमच्या वर्गाने वाढतो. सहा हजारांचं लिमिट सात हजारांवर नेलं, तर रॉड बोल्टवरचा ताण ३६ टक्के वाढतो. पेट्रोल गाड्या आणि बाइकवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. डिझेल इतकं वर फिरतच नाही, तिथे मारतो तो दाब.

किती दाब? फियाटच्या १.३ मल्टिजेटचा बोअर ६९.६ मिमी. सिलिंडरमध्ये समजा १५० बार दाब धरला, तर एका पिस्टनवर साधारण ५.८ टन भार येतो. महिंद्राच्या २.२ लिटर एमहॉकचा बोअर ८५ मिमी. त्याच दाबाला साडेआठ टनांच्या वर जातो. हा सगळा भार रॉडच्या बाजूच्या शेलवर येतो, आणि शेल व जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) यांच्यामध्ये असते फक्त ऑइलची पातळ फिल्म. ती फिल्म जर्नलच्या फिरण्याने तयार होते. वेग कमी, तर फिल्म पातळ. म्हणजे सगळ्यात वाईट जागा कमी आरपीएम आणि पूर्ण थ्रॉटल ही आहे. कसाऱ्याच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये दीड हजारावर गाडी ओढणं म्हणजे नेमकं तेच. गिअर बदलायचा कंटाळा येतो कारण रिमॅपमुळे गाडी पाचव्यातही चढते. रिमॅपआधी तीच गाडी कुंथायची, म्हणून माणूस मुकाट्याने चौथा टाकायचा.

आता कंपनीने काय केलं ते बघा. हेच १.३ चं इंजिन ७५ पीएस आणि १९० न्यूटनमीटरमध्ये स्विफ्टला होतं, आणि व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बोसह ९० पीएस आणि २०० न्यूटनमीटरमध्ये एसएक्स४ आणि अर्टिगाला. पॉवर २० टक्के वाढली, टॉर्क जेमतेम पाच टक्के. वाढ मुख्यतः वरच्या आरपीएमला दिली, खालचा धक्का फारसा वाढवला नाही. आपल्याकडच्या बऱ्याच फाइल नेमकं उलट करतात. चालवून बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला पाठीत धक्का जाणवला पाहिजे, म्हणून १,८०० ला १९० चे २४० केले जातात. ही वाढ २६ टक्के, आणि तीही फिल्म पातळ असताना.

म्हणून ट्यूनरला 'किती पॉवर येईल' विचारू नका. आधीचा आणि नंतरचा डायनो (गाडीची ताकद मोजणारं यंत्र) ग्राफ मागा आणि १,५०० ते २,२०० मधली रेघ बघा. तिथे भिंतीसारखी उभी चढत असेल तर ती फाइल घेऊ नका. टॉर्क २,००० च्या पुढे हळूहळू चढवणारी फाइल पहिल्या चक्करला कमी मजेची वाटते, पण खालच्या भागाला चालते. ग्राफ द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे गाडी लावू नये असं मी स्पष्ट सांगतो.

रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसणारा ट्यूनिंग बॉक्स तर वेगळंच प्रकरण आहे. तो ईसीयूला खरा दाब कमी दाखवतो, ईसीयू बिचारा दाब वाढवतो आणि खरं काय चाललंय ते कोणालाच कळत नाही. ज्या शहरात बॉशच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर बनतात, तिथे लोक सेन्सरला फसवून डिझेल ओततात, याची गंमत वाटते.

स्टॉक खालचा भाग किती झेलेल, याचं सगळ्यात भरवशाचं उत्तर पार्ट कॅटलॉगमध्ये असतं. एमहॉकचं २,१७९ सीसीचं कुटुंब घ्या. स्कॉर्पिओत १२० आणि पुढे १४० हॉर्सपॉवर, एक्सयूव्ही५०० मध्ये १४० आणि नंतर १५५, टॉर्क २८० पासून ३६० न्यूटनमीटरपर्यंत. आपल्या गाडीपेक्षा तगड्या भावाचा, म्हणजे त्याच इंजिनाच्या जास्त ताकदीच्या आवृत्तीचा क्रँक, रॉड, शेल, पिस्टन आणि पिस्टनखालचे ऑइल जेट यांचे पार्ट नंबर आपल्या गाडीच्या नंबरांशी ताडून बघा. नंबर तेच असतील, तर कंपनीने तो भाग तेवढ्या टॉर्कला चालवून वॉरंटी दिली आहे. तिथपर्यंत मी निर्धास्त असतो. शेल किंवा पिस्टन बदलले असतील, तर कंपनीलाही ते पुरले नाहीत असं समजायचं. सातपूरच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे पार्ट नाशकात मिळायला अडचण नाही, नंबर विचारायला तर पैसेही लागत नाहीत.

आपल्या शहराची उंची साधारण ६०० मीटर. हवा समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के विरळ. तेवढंच बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, एक्झॉस्टचं तापमान चढतं. मुंबईत बनवलेली फाइल इथे मे महिन्यात जरा जास्तच गरम चालते. धूर दिसत असेल तर डिझेल हवेपेक्षा जास्त झालंय. 'पॉवरचा धूर' वगैरे काही नसतं.

जुने शेल फेकू नका

इंजिन उघडलं की गॅरेजमध्ये पहिल्यांदा जुने शेल भंगारात जातात. खरा पुरावा तोच. कोणता शेल कोणत्या सिलिंडरचा आणि वरचा, म्हणजे रॉडच्या बाजूचा, की कॅपचा, म्हणजे खालून बोल्टने आवळलेल्या अर्ध्या भागाचा, हे मागच्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा.

फक्त रॉडच्या बाजूचा शेल खाल्लेला आणि कॅपचा बरा, तर दाबाचा मार आहे: फाइल, चुकीचं टायमिंग, किंवा कमी आरपीएमला ओढणं. कॅपचा शेल जास्त खाल्लेला, तर इंजिन जास्त फिरवलंय. घाट उतरताना चुकून खालचा गिअर पडला की डिझेलमध्येही हे होतं. दोन्ही शेल चकचकीत पुसलेले, तांबं दिसायला लागलेलं आणि रंग काळा-निळा, तर ऑइल पोचलेलं नाही. शेलवर ओरखडे आणि रुतलेले कण, तर घाण. पृष्ठभागाला बारीक भेगा पडून खपल्या निघाल्या असतील, तर तो थकवा, म्हणजे खरोखरचा ओव्हरलोड. एका कडेलाच घासला असेल तर रॉड वाकलाय किंवा जर्नल ग्राइंड करताना निमुळतं झालंय.

'स्टॉक बॉटम एंड कमजोर' म्हणायचं असेल, तर खपल्या निघालेला वरचा शेल दाखवावा लागेल. परत आलेल्या इंजिनात मला तो क्वचित दिसतो. दिसतात ते ओरखडे आणि पुसलेले शेल.

तर मग दुसऱ्यांदा का जातं?

बेअरिंग गेलं की त्याचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. फिल्टरचा बायपास उघडला की तो थेट गॅलरीत (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांत) जातो आणि ऑइल कूलरच्या बारीक जाळ्यांत बसतो. कूलर बाहेरून डिझेलने धुऊन परत बसवला, की गरम ऑइल आतला चुरा हळूहळू सोडत राहतं आणि नवे शेल तो गिळत राहतात. मी कूलर धूत नाही, बदलतो. महाग आहे, पण परत क्रँक ग्राइंड करण्यापेक्षा स्वस्तच पडतो. टर्बोची ऑइल लाइनसुद्धा बदलायची, आणि टर्बोचा शाफ्ट हलवून बघायचा. ब्लॉकच्या गॅलरीचे प्लग काढून आत ब्रश घालायचा. क्रँकच्या आतली तिरपी भोकं तर नक्कीच. ग्राइंडिंगची धूळ तिथेच लपते. लेथवरून क्रँक आणली, हवा मारली आणि बसवली, हे चालत नाही.

दुसरं कारण सिलिकॉन. चेंबर गळू नये म्हणून अर्धी ट्यूब लावतात. आवळल्यावर जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आतही निघतं, तुटतं आणि स्ट्रेनरच्या, म्हणजे पंपाच्या ओढनळीच्या तोंडावरच्या जाळीवर जाऊन बसतं. आयडलला प्रेशर ठीक दिसतं, कारण तेव्हा पंप कमी ओढतो. समृद्धीवर १२० ला अर्धा तास चालवलं की जाळी पुरत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, गावात काहीच नव्हतं, हायवेलाच गेलं." अशा गाडीचं चेंबर उतरवलं की मी शेल नंतर बघतो, आधी जाळी बघतो.

तिसरं कारण खास आपल्या भागातलं. ट्रेकची आवड, म्हणून हरिहर, अंजनेरी, भंडारदऱ्याकडच्या रस्त्यांवर गाड्या जातात, आणि दगडाला चेंबर लागतं. गळत नाही म्हणून कोणी बघत नाही. पण पत्रा आत गेला, की स्ट्रेनर आणि चेंबरचा तळ यांच्यातली जागा कमी होते आणि पंपाला ऑइल ओढता येत नाही. बाहेरून ठोकून सरळ केलेलं चेंबरही तितकंच वाईट. रॉड बदलले, शेल बदलले, फाइलसुद्धा बदलली आणि चेंबर तेच पोचे पडलेलं, अशी गाडी आली की राग येतो. नवीन चेंबरची किंमत या सगळ्यापुढे काहीच नसते.

चौथं, ऑइलमध्ये उतरणारं डिझेल. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायला बऱ्याच इंजिनांत उशिरा जास्तीचं डिझेल मारलं जातं. कॉलेज रोड ते सातपूर एवढीच रोजची चाल असेल तर ही सफाई अर्धवट राहते, पुन्हा सुरू होते, आणि न जळलेलं डिझेल रिंगांवरून खाली येतं. रिमॅपमुळे काजळी वाढली तर सफाई आणखी वारंवार. डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, वास घ्या. पातळ ऑइलमध्ये फिल्म टिकत नाही. गळणाऱ्या इंजेक्टरनेही हेच होतं. कंपनी दहा हजार किलोमीटर सांगत असली तरी रिमॅपवाल्या गाडीचं ऑइल मी पाच ते साडेसात हजारांवर बदलायला लावतो. ग्रेड मात्र मॅन्युअलमधलीच; डीपीएफ असेल तर लो-सॅप्सच (कमी राख सोडणारं) घ्यायचं.

आणि शेवटी लेथ. क्रँकला नायट्रायडिंग (पृष्ठभाग कडक करायची प्रक्रिया) केलेलं असेल तर वरचा कडक थर फार पातळ असतो, ०.२५ अंडरसाइज केलं की बराचसा निघून जातो आणि मऊ जर्नल उरतं. अशा क्रँकला ग्राइंडनंतर पुन्हा नायट्रायडिंग हवं, नाहीतर नवी क्रँक. जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तीच राहिली पाहिजे. धारदार कोपरा ठेवला तर क्रँक तिथूनच तुटते. इंडक्शन हार्डन केलेल्या क्रँकचा थर खोल असतो, ती ग्राइंड सहन करते.

रॉडचंही तसंच. हल्लीचे बरेच रॉड फोडून कॅप वेगळा केलेले असतात. त्याचा खडबडीत जोड फक्त स्वतःच्या जोडीदाराशीच बसतो. कॅप अदलाबदल झाली किंवा जोडावरून ग्राइंडर फिरवला तर तो रॉड भंगार. कॅपचे बोल्ट टॉर्क अधिक अँगलने आवळायचे असतील तर बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ते एकदाच वापरायचे असतात. जुने लावून पैसे वाचवू नका. काही डिझेलमध्ये वरच्या शेलवर वेगळा कठीण थर असतो आणि कॅपच्या शेलवर नसतो. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून उलटे बसतात, आणि इंजिन थोड्याच दिवसांत परत येतं.

शेल आणि जर्नलमधली गॅप प्लास्टिगेजने (दाबल्यावर रुंदी मोजायचा मऊ धागा) मोजा. जर्नलच्या प्रत्येक मिलिमीटरला साधारण ०.००१ मिमी, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५, हा जुना अंदाज आहे. पण अंतिम आकडा मॅन्युअलचा. 'हाताने फिरतंय, बरोबर आहे' हे मोजमाप नव्हे.

प्रेशर मोजा, लाइटवर विसंबू नका

डॅशबोर्डवरचा लाल दिवा साधारण अर्ध्या बारच्या आसपास पेटतो. तोवर शेलचं काम झालेलं असतं. सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावा, ऑइल पूर्ण गरम होऊ द्या, मग आयडल आणि ३,००० चं प्रेशर लिहून ठेवा. दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, हा जुन्या पंपांचा नियम आहे. व्हेरिएबल (गरजेप्रमाणे प्रेशर बदलणाऱ्या) पंपाच्या इंजिनाला तो लावू नका. गरम झाल्यावर प्रेशर मॅन्युअलच्या खाली पडत असेल, तर फाइल परत स्टॉक करूनही काही साधणार नाही.

सोबत बॅक कॉम्प्रेशन बघा. ऑइल भरायचं झाकण काढल्यावर धुराचा जोर असेल, तर रिंगा गेल्यात. अशा इंजिनावर रिमॅप चढवणं म्हणजे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला गडावर पळवत नेणं.

फोर्ज्ड रॉड कधी?

पेट्रोल टर्बोत प्रश्न वेगळा असतो. तिथे कमी आरपीएम आणि जास्त बूस्टला स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली कडा तुटते. त्यावर एपीआय एसपी दर्जाचं ऑइल, जे २०२० मध्ये आलं, आणि खालचा टॉर्क कमी ठेवणारी फाइल, हे रॉडच्या आधी येतं. बिनटर्बोच्या पेट्रोलला फाइलने इतकं थोडं मिळतं की खालच्या भागाची चिंता फक्त रेव्ह लिमिट वाढवलं तरच करावी.

डिझेलमध्ये तगड्या भावाच्या टॉर्कपेक्षा बराच वर जायचं असेल, मोठा टर्बो लावायचा असेल, किंवा रॉड वाकल्याचं मोजून दिसलं असेल, तरच फोर्ज्ड रॉडवर पैसे घाला. वाकलेला रॉड म्हणजे पिस्टन ब्लॉकच्या वर जेवढा यायला हवा त्यापेक्षा खाली राहतो. डायल गेजने चारही सिलिंडर ताडून बघा. तगड्या भावाच्या टॉर्कच्या आत असाल तर स्टॉक रॉड, नवे बोल्ट आणि नीट मोजलेली गॅप पुरते. क्लच घसरायला लागला की लगेच जाड क्लच टाकू नका. आधी फाइलमधला खालचा टॉर्क उतरवा.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. वॉरंटीतली गाडी असेल तर हात लावू नका.

इंजिन बांधून झालं की पहिले हजार किलोमीटर स्टॉक फाइलवरच चालवा, कितीही हात शिवशिवले तरी. मग ऑइल काढा, फिल्टर करवतीने नव्हे तर फिल्टर कटरने उघडा, कागद पिळून पांढऱ्या कापडावर पसरा आणि उन्हात बघा. नव्या रिंगांची बारीक करडी पूड चालते. चमकणारे पापुद्रे किंवा तांब्याचा रंग दिसला, तर रिमॅपवाल्याला फोन करायच्या आधी चेंबर परत उतरवा.